नाशिकच्या लेण्यांतील करमाफी

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा प्राकृत आदेश कोरलेला आहे. राज्यवर्ष 18 मध्ये त्याने गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला कळवले, की पश्चिम काखडी गावातील 200 निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना दिले आहे. त्यात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये आणि ही माफी दप्तरी नोंदवावी. मिठाचा उल्लेख बोलका आहे. एरवी दान दिलेल्या जमिनीतल्या मिठावरही राजा हक्क सांगत असणार. वर्ष 24 मध्ये, गाव ओस असल्याने, भिक्षूंना शहराच्या शिवेवरची 100 निवर्तने राजजमीन मिळाली.

कर घेण्याचा अधिकार राजाने सिद्ध करावा, असा प्रश्नच या लेखांत नाही. पुरावा लागे तो सवलतीचा. मात्र गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या लेखात, जो नंतरचा सातवाहन राजा पुळुमावी याच्या 19व्या राज्यवर्षातील आहे, गौतमीपुत्र धर्माला धरून मिळालेला करच वापरतो, असे म्हटले आहे. ही स्तुती आहे, हे खरे. पण कराला मर्यादा असावी, ही अपेक्षाही तिच्यातून डोकावते.

आज पुराव्याची ही जबाबदारी उलटली आहे. 1950 पासून भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता वा वसूल करता येत नाही. आव्हान मिळाल्यास तो कायदा सरकारला न्यायालयात दाखवावा लागतो.