पुण्यात एक दिवस: काय पाहावे आणि कोणाच्या पंगतीत बसावे?

(धागा) सुट्टीच्या दिवशी पुणे पाहायला येणाऱ्या पाहुण्याची यादी बहुधा ठरलेली असते. सकाळी पर्वती, मग शनिवारवाडा, दुपारी एखादी थाळी, ऊन उतरेपर्यंत केळकर संग्रहालय आणि संध्याकाळी डेक्कनवर बन-मस्का नि चहा. या साऱ्या दिवसात त्याला त्याची जात कोणी विचारत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र याच शहरात पाहुण्यापुढचा पहिला प्रश्न 'काय पाहावे' हा नव्हता. 'पाणी कोणाच्या हातचे प्यावे आणि पान कोणाच्या शेजारी मांडावे' हा होता. त्याच यादीच्या वाटेने हा प्रश्न कसा सुटत गेला, की सुटता सुटत नव्हता, ते पाहू.

सुरुवात पर्वतीपासून. टेकडीवरील देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळातील, १७४९ चे. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांचा मृत्यूही २३ जून १७६१ रोजी येथेच झाला. पायऱ्या चढून आलेला पाहुणा वरून शहर पाहतो, छायाचित्र काढतो आणि उतरतो. त्याची नजर सहसा पायथ्याकडे जात नाही. पंगतीच्या इतिहासाला मात्र पायथाच महत्त्वाचा आहे.

पायथ्याशी रमणा होता. श्रावणात देशभरातून आलेल्या ब्राह्मणांना या आवारात घेत आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवत. ही प्रथा मूळची पेशव्यांची नव्हे. ती तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि दक्षिणेचा मान पुण्याकडे आला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीही ती एकदम बंद केली नाही. नव्या राज्यकर्त्यांना शहरातील विद्वानांचा रोष नको होता. रक्कम हळूहळू घटवत, तिचा ओघ पाठशाळा, मराठी ग्रंथांची पारितोषिके आणि पुढे महाविद्यालयातील 'दक्षिणा फेलो' यांच्याकडे वळवण्यात आला. श्रावणातल्या दानाचे रूपांतर विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीत व्हावे, हे पुण्याच्या इतिहासातील एक मोठे आणि बरेचसे विस्मृत स्थित्यंतर आहे.

पण मंदिराचे दार सर्वांना उघडे नव्हते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील कार्यकर्ते आणि त्यांचे सहकारी पर्वतीच्या पायऱ्या चढू लागले. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, काकासाहेब गाडगीळ, तरुण एस. एम. जोशी ही या सत्याग्रहातील काही नावे. वरचे दरवाजे बंद होते आणि सत्याग्रहींवर दगडांचा मारा झाला. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९३० मध्ये सुरू झाला. काळाराम सर्वांना ठाऊक असतो. पर्वतीचा सत्याग्रह पुण्यातही फारसा कोणी सांगत नाही.

शनिवारवाड्यात पाहुण्याची थोडी निराशाच होते. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आता तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद एवढेच उरले आहे. तेथील पंगतींची कल्पना कागदांवरूनच करावी लागते. सवाई माधवरावांच्या लग्नासाठी, १७८२-८३ च्या सुमारास, नाना फडणविसांनी केलेली व्यवस्थेची यादी प्रसिद्ध आहे. कोणाला केव्हा बोलवायचे, कोठे बसवायचे, कसे वाढायचे, याचा त्यात बारकाईने विचार आहे. रांगोळी आणि उदबत्तीही सुटलेली नाही. पंगत ही राज्यकारभाराचीच एक शाखा होती, हे त्यावरून कळते. कोण कोठे बसला यावरून कोणाची पत किती, ते साऱ्या शहराला दिसे.

वाड्याच्या कारंज्यांना पाणी कात्रजहून येई. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत दगडी नळ बांधला गेला आणि ठिकठिकाणच्या हौदांत त्याचे पाणी खेळवले गेले. 'हौद' हा शब्द ध्यानात ठेवावा. दिवसाच्या उत्तरार्धात तो दोनदा भेटणार आहे.

आता दुपारचे जेवण. अठराव्या शतकात परगावच्या माणसाने पुण्यात जेवायचे म्हणजे नातेवाईक, जातीचा ओळखीचा माणूस, नाहीतर अन्नछत्र वा धर्मशाळा. पैसे मोजून अनोळखी माणसाशेजारी जेवणे ही कल्पनाच रुजलेली नव्हती. ती रुजवली नोकरी आणि शिक्षण यांनी. १८५८ मध्ये रेल्वे पुण्याला पोहोचली, १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पुरा झाला आणि कारकून, विद्यार्थी, पक्षकार यांची रीघ लागली. त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या. पण खानावळही बहुधा जातीचीच असे.

ज्याच्याकडे खानावळीचेही पैसे नसत तो विद्यार्थी 'वार लावून' जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरी. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी मागे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाचे आरंभीचे दिवसही माधुकरीवरच निघाले. या व्यवस्थेने असंख्य गरीब मुलांना शिकवले, हे नाकारता येत नाही. तितकेच हेही खरे की हे दार ब्राह्मण विद्यार्थ्यालाच उघडे होते. शेतकऱ्याच्या वा महाराच्या मुलाने हुशारीच्या जोरावर पुणे गाठले तरी त्याला कोण वार देणार? त्या काळच्या शिक्षणाच्या आकडेवारीमागे हा जेवणाचा प्रश्न दडलेला आहे. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहे का उभारली, याचे एक उत्तर येथे मिळते. फी माफ करून भागत नव्हते. रात्री जेवायला ताट लागत होते.

दुपारनंतर गुरुवार पेठेत जावे. ही पूर्वीची वेताळ पेठ. येथे पवित्र नाम देवालय हे १८८५ मधील विटांचे भव्य चर्च आहे. भोवतालचा परिसर पंचहौद मिशनचा. पर्यटकांच्या यादीत ते क्वचितच असते, आणि तरीही पुण्यातील सर्वांत गाजलेला चहा येथेच प्यायला गेला.

साल १८९०, महिना ऑक्टोबर. भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी एक बेत रचला. आनंदीबाई जाऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. गोपाळराव विक्षिप्त, बुद्धिमान आणि दुसऱ्याची फजिती पाहून सुखावणारे गृहस्थ. त्यांच्या खटपटीने शहरातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानासाठी मिशनमध्ये जमली. त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. व्याख्यान आटोपल्यावर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा प्याले, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला ओठांना लावला, कोणी तसाच ठेवून दिला.

एवढेच. पण थोड्याच दिवसांत गोपाळरावांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या सनातनी पत्रात छापवून आणली आणि शहर पेटले.

आजच्या वाचकाला प्रश्न पडतो: एक पेला चहाने काय बिघडणार? तर चहा म्हणजे पाणी, आणि ते ख्रिस्ती माणसाच्या घरचे. बिस्किटे भाजणारे हात कोणाचे, तेही ठाऊक नाही. पाण्याने आणि पाण्यात शिजवलेल्या अन्नाने विटाळ लागतो, हा त्या आचारधर्माचा गाभा होता. सभेत समाजसुधारणेवर भाषण करणे चालून जाई, कारण शब्दांना विटाळ नव्हता. पेल्याला होता. गोपाळरावांनी नेमके हेच हेरले. सुधारकांचे पाणी जोखायला त्यांनी चहा वापरला, आणि ही परीक्षा जितकी खोडसाळ तितकीच अचूक होती, असे म्हणावे लागते.

सरदार बाळासाहेब नातू आदी सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. त्यांच्या वतीने शास्त्र्यांचे एक चौकशी मंडळ पुण्यात बसले. हेच पंचहौद मिशनचे 'ग्रामण्य'. ग्रामण्य म्हणजे जातीने चालवलेला खटला आणि त्यामागची बहिष्काराची टांगती तलवार. या बहिष्कारात तुरुंग नव्हता, दंडही नव्हता. फक्त श्राद्धाला, मुंजीला, लग्नाला भटजी मिळत नसे, सोयरे पानावर बसत नसत आणि लेकी-सुनांची माहेर-सासरची ये-जा अडत असे. म्हणजे शिक्षा पुरुषाच्या चहाला आणि तिची झळ घरातील बायकांना. त्या चहापानाला त्या हजरही नव्हत्या.

यानंतर दोन थोर माणसे दोन वाटांनी गेली. कायदा शिकलेल्या टिळकांनी शास्त्राच्या आधारे शास्त्र्यांशीच वाद घातला, आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले आणि हा मुद्दा विटाळाहून अधिक कार्यपद्धतीचा करून टाकला. रानड्यांनी आरंभी दाद दिली नाही. मात्र बहिष्कारात होरपळणाऱ्या स्नेह्यांच्या आग्रहाने त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सुधारकांच्या गोटात त्यावर कठोर टीका झाली. रमाबाई रानडे यांनाही हे रुचले नव्हते. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या त्यांच्या पुस्तकात ही व्यथा नोंदलेली आहे. रानड्यांना भित्रे ठरवणे सोपे आहे. मित्राची मुलगी माहेरी येऊ शकत नाही, हे रोज ऐकत राहून तत्त्व सांभाळणे किती जणांना जमले असते, हा प्रश्न मात्र सोपा नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही एका पेल्याबद्दल जातीपुढे नमावे लागले, तर साध्या कारकुनाने काय धडा घेतला असेल?

पंचहौदापासून गंज पेठ, म्हणजे आजची महात्मा फुले पेठ, पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा वाडा आहे. दुसरा हौद येथला. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मिशनमधील चहापूर्वी बावीस वर्षे. त्यासाठी सभा नाही, ठराव नाही, प्रायश्चित्ताचा तर प्रश्नच नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीला अनाथ मुलांसाठी बालाश्रम चालवला, तेथेही हाच व्यवहार. चहाचे प्रकरण गाजत असतानाच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीरावांचे या परिसरातच निधन झाले. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. नकाशावर मात्र त्या शेजारी आहेत.

चहाची गोष्ट निघाली म्हणून क्षणभर कोल्हापूर. तेथे गंगाराम कांबळे या महार समाजातील गृहस्थाने शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने चहाचे दुकान काढले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः दुकानापुढे गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने प्यायलेल्या चहाला कोण प्रायश्चित्त सांगणार?

पुण्यात असा राजा नव्हता. येथे बदल बाजाराने आणला. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या 'डेक्कन क्वीन'ने मुंबईकराला पुण्याला येण्याची सोय केली. गाडीत भोजनाचा डबा होता, पण तिसरा वर्ग नव्हता. तो १९५५ मध्ये आला. जातीच्या पंगतीची जागा अशी आधी वर्गाच्या पंगतीने घेतली. १९३५ हे साल तर दुहेरी गमतीचे. त्याच वर्षी लक्ष्मी रस्त्यावर मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 'पूना गेस्ट हाऊस' काढले आणि त्याच वर्षी डेक्कनवर 'कॅफे गुडलक' सुरू झाले. एकीकडे मराठी घरगुती जेवण विकत मिळू लागले, दुसरीकडे इराण्याच्या टेबलावर कोणीही कोणाशेजारी बसू लागला. पुढे उडुपी हॉटेलांनी इडली-डोसा आणला. त्यांच्यामुळे सोवळे पाळणाऱ्या घरांतील तरुणही बाहेर खायला सरावले. रेल्वे स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी यांच्या आरोळ्या उठत होत्या, त्याच काळातील हे सारे.

बाजाराने सगळे केले असेही नाही. खेड्यापाड्यांतील हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी दीर्घकाळ टिकली. म्हणून २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाचा पंधरावा अनुच्छेद पुण्याच्या वाटेवर वाचण्यासारखा आहे. त्याच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाची हमी आहे, आणि लगेच पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख आहे. चहाचा पेला आणि पाण्याचा हौद, दोन्ही एकाच खंडात.

प्रत्यक्ष जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: शनिवारवाड्याला तासभर पुरे. केळकर संग्रहालयात घाई असेल तर निदान अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी पाहावीत. तेथून पायी पंचहौद आणि मग फुलेवाडा. फुलेवाड्यात हौद दाखवणारी पाटी शोधावी लागत नाही, अंगणातच तो दिसतो. डेक्कनला पोहोचेपर्यंत चहाची वेळ झालेली असते.