नव्या देशातले पहिले महिने : आपल्या बेने इस्राएलांचा धडा

कुणी परदेशी निघालं की आपण तिकीट, व्हिसा आणि पगार एवढंच विचारतो. पोचल्यावर पहिले काही महिने तो माणूस कुठे झोपणार, काय खाणार आणि तिथला कारकून त्याच्याशी कुठल्या सुरात बोलणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते स्थलांतराचा खरा इतिहास या तीन गोष्टींत असतो. त्याचं एक ठसठशीत उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यातलं आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

अलिबागच्या इस्राएल आळीतून आपण कितीदा तरी गेलोय. तिथलं सिनेगॉग बाहेरून पाहिलंय. नवगावचं जुनं दफनस्थानही अनेकांना माहीत असेल. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावला मूठमाती दिली गेली. वाचलेले इथेच राहिले, घाण्यावर तेल गाळायला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, दिवेकर. बोलणं मराठी, बायकांच्या अंगावर लुगडं, नवस फेडायला मलिदा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तर चक्क बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं!

इथे मुद्दा लक्षात घ्या. शेकडो वर्षांत या गावांनी त्यांना 'तुम्ही खरे कोण?' असं विचारलं नाही. जातीच्या उतरंडीत त्यांना एक जागा मिळाली, त्या जागेचे चटकेही बसले असतील. पण ज्यू म्हणून कुणी त्यांच्या अंगावर धावून गेलं नाही. युरोपातल्या ज्यूंच्या वाट्याला जे आलं ते पाहता ही फार मोठी गोष्ट आहे.

मग गेले का? कारणं अनेक होती. प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या घेतलेलं जेरुसलेमचं नाव होतंच. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं, १९५० च्या 'परतीच्या कायद्या'नं जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन राहण्याचा हक्क दिला. इकडे फाळणी नुकतीच होऊन गेलेली. तोवर समाजाचा मोठा भाग मुंबईत आला होता. रेल्वे, पोस्ट, सरकारी कचेऱ्या, फौज, शाळा, इस्पितळं इथे नोकऱ्या करत होता. इंग्रज गेल्यावर त्या नोकऱ्यांचं पुढे काय, ही धाकधूक होती. शेजारचे निघाले, मेव्हणे निघाले, मग आपणही. भारतात तेव्हा सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. आधी शेकड्यांनी, मग हजारांनी ते निघाले.

आता पोचल्यावरचं बघू.

मे १९४८ ते १९५१ अखेर, म्हणजे साडेतीन वर्षांत, त्या इवल्याशा देशात जवळपास सात लाख माणसं बाहेरून आली. आधीची ज्यू लोकसंख्याच साडेसहा लाखांच्या घरात! घरं कुठून आणणार? 'मआबारा' नावाच्या तात्पुरत्या छावण्या उभ्या राहिल्या. त्यात तंबू, कापडी झोपड्या, पत्र्याच्या खोल्या. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात चिखल. संडास सामाईक, पाण्याला रांग. १९५१ च्या अखेरीला दोन लाखांहून जास्त माणसं अशा छावण्यांत राहत होती. अनेक बेने इस्राएल कुटुंबांच्या वाट्याला आलं दक्षिणेतलं बेर्शेबा, नेगेव वाळवंटाच्या तोंडावरचं. ज्या गावात त्यांना वसवलं त्या गावचे मूळचे अरब रहिवासी १९४८ च्या युद्धात घालवले गेले होते, हेही सांगितलं पाहिजे. एकाचं नवं घर दुसऱ्याच्या मोडलेल्या घरावर उभं राहत होतं. नारळी-पोफळी आणि खाडी बघत वाढलेल्या, नाहीतर मुंबईच्या चाळीत दहा शेजाऱ्यांत राहिलेल्या माणसाला समोर दिसत होतं ते फक्त वाळवंट.

खाणं? १९४९ पासून देशात 'त्सेना' लागू होती, म्हणजे काटकसरीचं रेशनिंग. अंड्यांची भुकटी, वांगी, गोठवलेल्या माशाचे तुकडे, मार्गारिन. तांदूळ तर दुर्मीळच. भातखाऊ स्थलांतरितांसाठी पुढे गव्हाच्या पिठाचे तांदळासारखे दाणे बाजारात आले, त्यांना लोक थट्टेनं 'बेन-गुरियन तांदूळ' म्हणायचे. पंतप्रधानाच्या नावाचा तांदूळ, आणि त्यात तांदूळच नाही! कोकणातल्या माणसाला भात मिळाला नाही तर काय होतं हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

काम? मुंबईत टेबलाशी बसून इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाच्या हाती इथे फावडं आलं. रस्ते करा, झाडं लावा, दगड उचला. ते काम हलकं असं मी म्हणत नाही. पण चाळिशीतल्या कारकुनाची एका दिवसात झालेली ही बदली होती, आणि तीही रोजंदारीवर. भाषा हिब्रू. प्रार्थनेपुरती येत होती, पण रोजगार कचेरीतल्या माणसाशी भांडण्याइतकी नव्हती. हिब्रू शिकवणारे 'उल्पान' १९४९ पासून सुरू झाले होते, पण पोटासाठी रोज कामावर जाणाऱ्याला वर्गात बसायला वेळ कुठला?

एवढ्यानं लोक मोडले नसते. चिखल आणि तंबू सगळ्यांनाच होते, पोलंडमधून आलेल्यालाही आणि येमेनमधून आलेल्यालाही. खरी ठिणगी पडली ती वागणुकीची. बेर्शेबातल्या भारतीय ज्यूंची तक्रार होती की आम्ही काळे म्हणून आम्हाला काळा पाव आणि गोऱ्यांना पांढरा पाव दिला जातो. कामात, घरात, रांगेत, सगळीकडे रंग बघितला जातो.

१९५१ च्या अखेरीला बेर्शेबातल्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ज्युईश एजन्सीपुढे धरणं धरलं. मागणी एकच, आम्हाला परत भारतात पाठवा. ज्या देशासाठी माणसं जीव टाकत होती, त्या देशात येऊन 'आम्हाला परत पाठवा' म्हणणारे हे लोक पाहून तिथलं सरकार गांगरलं. पण मंडळी हटली नाहीत. धरणं, उपास, पुन्हा धरणं. हत्यार कुठलं वापरलं ते पाहा. जाताना पेटीत भांडीकुंडी नेली असतील, पण सोबत सत्याग्रहही नेला होता. शेवटी १९५२ मध्ये शंभरावर लोकांना भारतात परत पाठवावं लागलं.

आणि पुढची गंमत, किंवा शोकांतिका म्हणा: परत आलेल्यांतल्या अनेकांनी काही काळानं पुन्हा इस्राएलला जायची परवानगी मागितली, आणि गेलेही. आपल्याकडचे लोक याला धरसोड म्हणतील. मला तसं वाटत नाही. इथलं घर मोडलेलं, नोकरी सुटलेली, नातेवाईक तिकडे. परतीचं तिकीट मिळतं, पण सोडून गेलेली जागा मिळत नाही. जो गेला तो दोन्हीकडे थोडा उपरा होतो. शिवाय त्यांचं भांडण देशाशी नव्हतंच मुळी. भांडण होतं ते वागणुकीशी.

इराक किंवा पूर्व युरोपातून आलेल्या बहुतेकांना मागे वळायला वाट नव्हती. बेने इस्राएलांना होती. त्यांच्याकडे तुलना करायला एक देश होता, जिथे त्यांचा अपमान ज्यू म्हणून झाला नव्हता. म्हणूनच 'सहन करा, सगळ्यांनाच त्रास आहे' हे उत्तर त्यांना पटलं नाही. मान मिळालेला माणूस अपमान लवकर ओळखतो.

पुढचा घाव आणखी खोल होता. १९५५ च्या सुमारास दिमोना, किर्यात गात, मग अश्दोद अशी नवी गावं वसली. दिमोनात कापड गिरणी निघाली, मुंबईकर मंडळी पुन्हा गिरणीच्या भोंग्यावर आली. जरा बूड टेकतंय तोवर लग्नाचा प्रश्न उभा राहिला. इस्राएलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या हाती. नोंदणी विवाह हा प्रकारच नाही. काही रब्बी बेने इस्राएलांची इतर ज्यूंशी लग्नं लावेनात. शंका अशी की शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेल्या या लोकांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का? १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठानं निर्देश काढला की अशा लग्नाआधी आईकडची वंशावळ जमेल तितकी मागे जाऊन तपासा. म्हणजे पेणच्या पणजीच्या लग्नाचा पुरावा दिमोनात मागायचा!

शनिवारचा घाणा ज्यांनी कधी चालवला नाही, त्यांना आता पितृभूमीत कागद मागितला जात होता. समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्राएल कुटुंबं जेरुसलेमला जमली, बायकापोरांसकट धरणं धरलं, उपास केले. प्रकरण संसदेत गेलं. १७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटनं जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, इतरांच्या बरोबरीचे आहेत. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं बाजू घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीला धर्मपीठाला आपल्या निर्देशातून समाजाचं नाव काढावं लागलं. पहिलं धरणं आणि हा ठराव यांत तेरा वर्षं गेली.

आज तिथे भारतीय वंशाचे ज्यू हजारोंच्या संख्येनं आहेत. मलिदा होतो, महाराष्ट्र दिन साजरा होतो, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत आलंय. शेवट गोड झाला असं म्हणता येईल. पण हा गोड शेवट आपोआप आला नाही, तो भांडून मिळवलेला आहे. आणि पहिल्या महिन्यांतल्या त्या पावाची चव समाजाच्या आठवणीतून अजून गेलेली नाही.

हे सगळं आज का लिहितोय? कारण जाण्याचे दिवस परत आलेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक, स्वयंपाकी. आपल्या तालुक्यातली पोरं जर्मनचे वर्ग लावतायत. चांगलंच आहे, जावं. पण कुठलाही करार झाला की मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिले सहा महिने राहायची सोय लेखी कुणाची? शिकलेल्या कामाऐवजी भलतंच काम दिलं तर दाद कुठे? आणि वागणूक वाईट मिळाली तर मराठीत, निदान हिंदीत, ऐकून घेणारा माणूस कोण? बेने इस्राएलांकडे संख्या होती, एकी होती, तरी त्यांना तेरा वर्षं लागली. एकट्यादुकट्या पोरानं धरणं कुठे धरायचं?

दुसरी बाजूही आहे. आपल्या जिल्ह्यात वीटभट्टीवर, बंदरावर, इमारतींच्या कामावर रोज नवी माणसं येतात. त्यांच्यासाठी आपणच 'तिथला कारकून' असतो. रेशनच्या दुकानात, शाळेच्या दाखल्याला, दवाखान्याच्या खिडकीवर. 'तू कुठला? कागद दाखव' हे आपण कुठल्या सुरात म्हणतो? ज्या गावांनी फुटक्या गलबतातून आलेल्या चौदा जणांना, म्हणे, कागद न मागता जागा दिली, त्या गावांकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

तुमच्या आळीत, तुमच्या चाळीत बेने इस्राएल शेजारी होते का? त्यांची तिकडून आलेली पत्रं, पहिल्या दिवसांच्या आठवणी घरात कुणी सांगितल्या असतील तर जरूर लिहा. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास सांगणारी पिढी आता फार उरलेली नाही.