गिटारची झळाळी, गोंदियाची लाख

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वाद्य विकत घेणं वेगळं आणि वाद्य करवून घेणं वेगळं. दुकानात जावं, चार वाद्यं वाजवून बघावीत, त्यातलं एक उचलावं आणि पैसे देऊन घरी यावं, यातही आनंद असतोच. पण कारागिराकडे जायचं, बोटांचं माप द्यायचं, आपल्याला कसा आवाज हवा ते सांगायचं, आगाऊ रक्कम ठेवायची आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहायची. आणि एके दिवशी ते वाद्य हाती येतं, तेव्हाचा आनंद निराळाच. ते वाद्य आपल्याआधी कुणाचंही नसतं. त्याच्या प्रत्येक मापात आपण असतो.

अशाच एका वाद्याविषयी आज बोलायचं आहे. ते म्हणजे नायलॉनच्या तारांची लाकडी गिटार, जिला आपल्याकडे स्पॅनिश किंवा क्लासिकल गिटार म्हणतात. या विलायती वाद्याचा आणि गोंदिया जिल्ह्याचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. हाताने घडवलेल्या अशा गिटारची पेटी उघडली की सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती तिची झळाळी. जुन्या पद्धतीने काम करणारे कारागीर ही झळाळी लाखेने आणतात. आणि महाराष्ट्रात लाख होते ती मुख्यतः गोंदिया आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत.

मराठी माणसाला वाद्य करवून घेण्याचा अनुभव मिरजेने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेतल्या फरीदसाहेबांनी शस्त्रांचं पिढीजात काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली. पुढे 'सतारमेकर' हेच या घराण्यांचं आडनाव झालं. पंढरपूरकडचा भोपळा आणि तुणीचं लाकूड यांतून तिथे तंबोरे आणि सतारी घडू लागल्या. पुरुषाच्या आवाजाला मोठा तंबोरा, स्त्रीच्या आवाजाला लहान. जवारी कशी हवी, हे ज्याचं त्याने सांगायचं. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाल्यावर तर गाणारे आणि घडवणारे एकाच गावात नांदू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गवयाने मिरजेहून आपला तंबोरा आणणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना गिटारवादकाचा आनंद वेगळा समजावून सांगायला नको.

आजची क्लासिकल गिटार ज्या घडणीची आहे, ती घडण बसवली स्पेनमधल्या आन्तोनियो दे तोर्रेस या सुताराने. त्याचा जन्म १८१७ चा, मृत्यू १८९२ चा. त्याने गिटारचं पोट मोठं केलं, वरची तबली पातळ केली आणि तिच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या बसवल्या. आवाज तबलीतून येतो, बाकीचं लाकूड दुय्यम, असं त्याचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली, तिची तबली लाकडाची आणि मागची बाजू व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या!

या तोर्रेसची एक गोष्ट गिटारवादक अजून सांगतात. १८६९ मध्ये फ्रान्सिस्को तार्रेगा नावाचा सतरा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे गिटार घ्यायला सेव्हिलला आला. तोर्रेसने मुलाचं वय पाहिलं आणि एक साधी गिटार पुढे केली. मुलगा वाजवू लागला. तोर्रेसने ऐकलं, उठून आत गेला आणि पाच वर्षांपूर्वी केलेली, स्वतःजवळच ठेवलेली गिटार घेऊन आला. ती त्याने त्या मुलाला दिली. तार्रेगाने पुढे गिटारवादनाची आधुनिक पद्धत घडवली, ती याच वाद्यावर. आणि तोर्रेस? त्यानंतर लवकरच तो आपल्या मूळ प्रांतात परतला आणि काही वर्षं काचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालवून पोट भरत राहिला. ज्याने वाद्याला रूप दिलं, त्याचं त्या वाद्यावर भागलं नाही. हे ध्यानात ठेवू या, कारण पुढे गोंदियाच्या जंगलातही आपल्याला हेच दिसणार आहे.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. आंद्रेस सेगोव्हिया हे विसाव्या शतकातले सर्वांत नामांकित गिटारवादक. १९२४ मध्ये म्युनिकला हेरमान हाउझर या जर्मन कारागिराने त्यांची माद्रिदला केलेली गिटार पाहिली, तिची मापं घेतली आणि तशी गिटार करायला सुरुवात केली. एक झाली, सेगोव्हियांनी वाजवली, दोष सांगितले. दुसरी झाली, पुन्हा तेच. अशी तेरा वर्षं गेली. शेवटी १९३७ ची गिटार हाती आली, तेव्हा आपल्या काळातली सर्वश्रेष्ठ गिटार असं तिचं वर्णन त्यांनी केलं, आणि जवळपास पंचवीस वर्षं मैफलींतून तीच वाजवली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तेरा वर्षं घडवणारा कंटाळला नाही आणि वाजवणाराही कंटाळला नाही!

तोवर गिटारच्या तारा नायलॉनच्या नव्हत्या. त्या जनावराच्या आतड्याच्या असत. आवाज गोड, पण हवा बदलली की सूर उतरायचा आणि मैफलीत तार तुटायची. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याचा दोरा लागू लागला आणि वादकांना तारा मिळेनात. नायलॉन हा धागा अमेरिकेत १९३८ मध्ये जाहीर झाला होता. न्यूयॉर्कचा वाद्य कारागीर आल्बर्ट ऑगस्टिन याने त्याच्या तारा करून पाहिल्या, सेगोव्हियांनी त्या स्वीकारल्या आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्या बाजारात आल्या. आज वरच्या तीन तारा नुसत्या नायलॉनच्या असतात. खालच्या तीन नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून करतात.

आता अशी गिटार करवून घेताना काय काय ठरवावं लागतं ते पाहू. तारेची लांबी साधारण ६५० मिलिमीटर. हात लहान असेल तर ६४० किंवा ६३० सुद्धा. दांडीची रुंदी, तारांची उंची, वादक डावखुरा की उजवा. तबली स्प्रूसची की सिडारची. मागची बाजू आणि कडा कशाच्या? पूर्वी ब्राझीलच्या शिसवीचा मान मोठा. १९९२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि जगभरच्या कारागिरांची भिस्त आपल्या शिसवीवर आणखी वाढली. विदर्भात जिला शिसम म्हणतात, तीच ही. २०१७ मध्ये या साऱ्या वर्गाच्या लाकडावर निर्बंध आले, तेव्हा गिटार घेऊन विमानाने जाणाऱ्या वादकांचीही पंचाईत झाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

लाकूड जोडून झालं, घोडी बसली, की शेवटचं काम झळाळीचं. याला फ्रेंच पॉलिश म्हणतात आणि आपल्या सुतारांनाही ते नवीन नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, सुती कापडाची छोटी बोचकुली करून तिच्यात भिजवायची, तेलाचा एक थेंब घ्यायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायची. एक पातळ थर, मग वाळू द्यायचा, मग दुसरा. असे कित्येक थर, कित्येक दिवस. यंत्राने फवारलेलं रासायनिक व्हार्निश याहून कमी खटपटीत होतं. मग हा खटाटोप कशासाठी? कारण लाखेचा थर कमालीचा पातळ राहतो. तबली मोकळेपणी थरथरते, आवाज कोंडत नाही. शिवाय वर्षांनंतर ओरखडा पडला, तर नवी लाख जुन्या लाखेत मिसळून जाते. सारं खरवडून काढावं लागत नाही. अर्थात लाख नाजूक असते. घाम, उष्णता आणि स्पिरिट यांपासून तिला जपावं लागतं.

ही लाख येते कुठून? मुंगीहूनही बारीक अशा एका किड्यापासून. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखो किडे चिकटून बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करतात. तीच लाख. पळस-बोरीवरची ती रंगीनी आणि कुसुमावरची ती कुसमी; कुसमीचा रंग फिका, म्हणून तिला भाव अधिक. शेतकरी आधी झाडाची छाटणी करतो, म्हणजे नवे धुमारे फुटतात. मग बियाण्याच्या लाखेच्या काड्या फांद्यांना बांधतो. पावसाच्या तोंडी बांधलेलं रंगीनीचं पीक दिवाळीच्या सुमारास येतं. कुसमीला माघापर्यंत थांबावं लागतं. ऊन फार तापलं की किडे मरतात, आणि पूर्व विदर्भाचा मे महिना काय असतो हे सांगायला नको.

काढलेल्या फांद्यांवरची लाख खरवडून, कुटून, धुऊन दाणा लाख होते. धुताना जो लाल रंग सुटतो, तो आपला अळता. दाणा लाख कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीपुढे पिळायची. वितळून बाहेर आलेली लाख कारागीर हातापायांनी ताणून तिचा पापडासारखा पातळ पडदा करायचे. तो मोडला की चपडा झाला. भट्टीसमोरचं हे काम म्हणजे अंगाची लाही लाही करणारं.

लाख आपल्याकडे फार जुनी. महाभारतातलं लाक्षागृह आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. चुडे, टपालाच्या मोहरा, सावंतवाडीची लाकडी खेळणी, सगळीकडे ती आहे. गोंदिया हे नावच मुळी जंगलातून बाजारात येणाऱ्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडलं, असं सांगतात. बंगाल-नागपूर रेल्वे आली आणि या भागाचा वनोपज थेट कोलकात्याच्या बंदराशी जोडला गेला. लाखेच्या निर्यातीचं मुख्य बंदर तेच होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणातून होत. म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचा आणि बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला, तो लाखेवर कोरला जाऊन. गोंदियाच्या कुठल्या झाडाची लाख कुठल्या तबकडीत किंवा कुठल्या गिटारवर गेली, हे कुणालाच सांगता येणार नाही. व्यापाऱ्याच्या गोदामात सगळी लाख एक होते. झाडाखालच्या माणसाचं नाव तिथेच पुसलं जातं.

पन्नासच्या दशकात व्हिनाइलच्या तबकड्या आल्या, पाठोपाठ कृत्रिम व्हार्निश आलं आणि लाखेची मागणी घसरली. तेव्हापासून तिचा भाव कधी चढतो, कधी कोसळतो. भाव पडला की शेतकरी झाड छाटत नाही, बियाणं राखत नाही. आणि बियाणं एकदा गेलं की पुन्हा भाव चढला तरी हाती काही नसतं. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये स्थापन झालेल्या लाख संशोधन संस्थेने लागवडीच्या चांगल्या पद्धती शोधल्या. पण झाडावर चढणाऱ्याला मिळणारा पैसा आणि गिटारच्या कारागिराने मेण काढलेल्या फिक्या चपड्यासाठी मोजलेला पैसा, यांतलं अंतर काही मिटलं नाही. तोर्रेसचं भांड्यांचं दुकान आठवतं ते इथे.

तरीही दार बंद झालेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात लाखेचं नाव घातलं आणि तिच्यावर ग्रामवासीयांची मालकी मान्य केली. पुढे केंद्र सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेतही लाख आली. गोंदिया आणि गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करून दाखवला आहे. जे पानाचं जमलं, ते लाखेचंही जमावं. कच्ची लाख पोत्यात भरून विकण्याऐवजी गावातच ती धुऊन, गाळून, वाद्यांच्या पॉलिशसाठी लागणारा चपडा करता आला, तर मिरजेचा तंबोरेवाला आणि दूरदेशीचा गिटारवाला, दोघेही गिऱ्हाईक आहेत. हे गिऱ्हाईक थोडं घेतं, पण उत्तम तेच मागतं.

ज्याच्या घरी नवी गिटार येते, त्याचे पहिले काही दिवस सूर लावण्यातच जातात. नायलॉनच्या नव्या तारा ताणत राहतात. सकाळी लावलेला सूर दुपारी उतरलेला असतो. पेटीला लाकडाचा आणि लाखेचा मंद वास येत असतो. आवाजही सुरुवातीला थोडा मिटलेला असतो. रोज वाजवत गेलं की तो मोकळा होतो, असा वादकांचा अनुभव. आपल्या हवेत उन्हाळ्यात गिटारच्या पेटीत ओलसर स्पंज ठेवावा, नाहीतर कोरड्या हवेने तबलीला चीर जाते. पावसाळ्यात तोच काढून घ्यावा. अशा जपणुकीतूनच वाद्य आपलं होतं. त्या गिटारच्या आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी डकवलेली असते, ती गोल भोकातून वाचता येते. ज्याने कुसुमाच्या फांदीला बियाण्याची काडी बांधली, त्याच्या नावाची चिठ्ठी कुठे नसते. पण गिटार उजेडात धरली की त्याचं काम दिसतं.