बीजाच्या पेल्यापासून आठवड्याच्या सुईपर्यंत

रायपूरच्या पंडरीत माणसं येतात ती मुख्यतः कापडासाठी. ठोक कापडबाजार, जिल्हा रुग्णालय, हस्तकलेचं छत्तीसगढ हाट आणि २०२१ मध्ये भाटागावला हलेपर्यंत शहराचं बसस्थानक, असा सगळा पसारा याच भागात. दिवसभर गादीवर बसून धंदा आणि दोन्ही वेळेला भात! इथे ‘शुगर’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

या शुगरवरचा जुना उपाय छत्तीसगढच्या जंगलातच मिळतो. बीजा म्हणजे आपला बिबळा किंवा विजयसार. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी तांबूस झालेलं ते पाणी उपाशीपोटी प्यायचं. हा निव्वळ आजीबाईचा बटवा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विजयसारची चाचणी घेतली, तिचा अहवाल १९९८ साली आला. नव्याने मधुमेह कळलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि तिथे दिला होता तो मोजून घेतलेला अर्क. पेल्यात किती उतरतं ते कोण मोजणार?

झाडाच्या सालीतून औषध निघणं मात्र अजिबात नवलाचं नाही. १८३५ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या आजच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या त्याच्याच वंशातल्या.

साखरेच्या औषधांचा इतिहास चाळला की दिसतं, ती मागितलेलं काम करता करता भलतंच काहीतरी करून बसतात. १९४२ मध्ये फ्रान्सच्या मॉन्पेलिए शहरात मार्सेल जानबाँ टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. रुग्णांची साखर धोकादायक घसरली. त्या अपघातातून सल्फोनिलयुरिया गोळ्यांचा रस्ता खुला झाला. मेटफॉर्मिनचा रेणू फिलिपीन्समध्ये आधी फ्लूवर वापरला गेला. १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी तो मधुमेहावर आणला. पुढे १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात वजनदार रुग्णांमधले हृदयविकाराचे झटके त्याने ३९ टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं. त्याचाच सख्खा भाऊ फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साठवून जीव घेई. भारतात त्यावर बंदी आली ती थेट २००३ मध्ये.

वजनाच्या औषधांची कहाणी याहून काळी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांतले कामगार डायनायट्रोफेनॉलच्या संपर्काने वाळत चालले होते. हीच पूड १९३३ नंतर अमेरिकेत बारीक होण्यासाठी विकली गेली. लोकांना मोतीबिंदू झाले, काही दगावले, आणि १९३८ मध्ये ती थांबवावी लागली. ‘फेन-फेन’ने हृदयाच्या झडपा बिघडवल्या, १९९७ मध्ये ते गेलं. रिमोनाबँट मनाला निराशेत लोटू लागलं, २००८ मध्ये तेही गेलं.

कलाटणी मिळाली ती एका भीतीमुळे. रोसिग्लिटाझोन साखर छान उतरवी, पण २००७ च्या एका विश्लेषणाने त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो असं दाखवलं. (भारताने ते २०१० मध्ये बंद केलं.) तेव्हा २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने बजावलं, की साखरेचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे आधी सिद्ध करा. कंपन्यांना हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं चाचण्या कराव्या लागल्या. अपाय शोधायला निघालेल्या या चाचण्यांच्या हाती उपकार लागले. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवले. हिला मॉन्स्टर सरड्याच्या विषात जॉन एंग यांना सापडलेल्या रेणूपासून २००५ मध्ये एक्सेनाटाइड बाजारात आलं होतं; त्याच गटातल्या सेमाग्लुटाइडची २०२३ ची ‘सिलेक्ट’ चाचणी तर १७,६०४ जणांची होती. मधुमेह नसलेल्या, पण वजनदार आणि हृदयरोगी अशा या माणसांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी झालं. वर्षभरात मूत्रपिंडाची बातमीही चांगली आली. अल्झायमरवर मात्र हे औषध २०२५ मध्ये नापास झालं. मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे खडे हे त्रास आहेतच. क्वचित, दहा हजारांत एखाद्याच्या, डोळ्याच्या नसेला अचानक इजा होऊ शकते, असं युरोपच्या औषध संस्थेने त्याच वर्षी नोंदवलं.

आठवड्यातून एकदा टोचायची अशीच दुसरी सुई, टिर्झेपाटाइड, मार्च २०२५ मध्ये भारतात आली, वजनासाठीची सेमाग्लुटाइडची सुई जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त सुया येणं ओघानंच आलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलेली गोष्ट तेव्हा उपयोगी पडेल. २००४ मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भारतीयांचं बऱ्याचदा असंच असतं: अंगकाठी सडपातळ, चरबी भरपूर, स्नायू कमी. या सुयांनी वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो, आणि तो आधीच तुटपुंजा असलेल्याला हे परवडणारं नाही. शिवाय ‘सिलेक्ट’मध्ये प्रवेशच मुळी २७ किंवा त्याहून अधिक बीएमआयला होता. गादीवरच्या बारीक हातापायांच्या, सुटलेल्या पोटाच्या व्यापाऱ्याला तो वीस टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.