रिकाम्या ट्रॅकवरचा माणूस

१९८४ साली अमेरिकेत 'किंग काँग' एका चकतीवर विकायला आला. चकती म्हणजे आपल्या ओळखीच्या सीडीएवढी नव्हे. १२ इंच व्यासाची, जुन्या एलपी रेकॉर्डच्या मापाची, चकचकीत लेझरडिस्क. क्रायटेरियन नावाच्या नव्याकोऱ्या कंपनीचं हे दुसरंच प्रकाशन, पहिलं होतं 'सिटिझन केन'. सिनेमा १९३३चा, म्हणजे आवाज मोनो. पण लेझरडिस्कवर आवाजासाठी जागा होती दोन चॅनेलची, डावा आणि उजवा. मोनो सिनेमाला एकच पुरतो. दुसरा रिकामा.

त्या रिकाम्या जागेत कंपनीने एका माणसाला बोलायला बसवलं. रोनाल्ड हेव्हर. लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात तो चित्रपट विभाग सांभाळायचा. 'अ स्टार इज बॉर्न'च्या कापून टाकलेल्या भागांचा शोध घेऊन त्याने तो सिनेमा नुकताच, १९८३ साली, पुन्हा उभा केला होता. 'काँग'ची प्रत चकतीवर उतरवली जात असताना हा गडी शेजारी बसून किस्से सांगत होता. ते ऐकून कंपनीच्या लोकांना वाटलं, हेच रेकॉर्ड करू या. प्लेअरवर चॅनेल बदलला की सिनेमाचा मूळ आवाज बाजूला व्हायचा आणि हेव्हर बोलू लागायचा: हा माकडाचा पुतळा जेमतेम दीड फुटाचा, आतला सांगाडा धातूचा, वर सशाची फर.

घरी विकल्या गेलेल्या सिनेमावरची ही पहिली ऑडिओ कॉमेंट्री मानली जाते. कॉमेंट्री म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, आणि तुलना अगदीच चुकीची नाही. फक्त इथे सामना पन्नास वर्षांपूर्वी संपलेला असतो.

पहिला मान 'काँग'ला मिळाला हे मला फार योग्य वाटतं. हा सिनेमाच मुळात 'हे केलं कसं?' या प्रश्नावर उभा आहे. विलिस ओब्रायन पुतळा केसभर हलवायचा, एक फ्रेम घ्यायचा, पुन्हा हलवायचा. एका सेकंदाला २४ फ्रेम. पडद्यावर काँगच्या अंगावरची फर सतत थरथरताना दिसते ती वाऱ्याने नव्हे. प्रत्येक फ्रेमआधी तिथे माणसाची बोटं लागलेली असतात, म्हणून. डरकाळी तयार करताना मरे स्पिवॅकने सिंह-वाघांचे आवाज घेतले आणि त्यांचा वेग कमी करून, उलटे वाजवून एकमेकांत मिसळले. लेझरडिस्कच्या एका प्रकारात सिनेमा फ्रेमफ्रेमने थांबवून बघता यायचा. म्हणजे जो सिनेमा एकेक फ्रेम करत बनला, तो पन्नास वर्षांनी लोकांना घरात एकेक फ्रेम करत बघायला मिळाला.

त्याआधी ही सोय कुणालाच नव्हती. रे हॅरीहाउसेनने १९३३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, 'काँग' पाहिला आणि तो झपाटला. विचारायला कुणी नाही, थांबवून बघायला काही नाही. मग स्वतःच पुतळे बनवायचे, कॅमेरा मिळवायचा, चुकत राहायचं. पुढे १९४९च्या 'मायटी जो यंग'वर त्याला खुद्द ओब्रायनच्या हाताखाली काम मिळालं. तो अमेरिकेत होता, त्याच शहरात होता, म्हणून हे जमलं. नाशिक-सोलापूरच्या पोराने काय करायचं?

नाशिक उगाच नाही म्हटलं. सिनेमा कसा बनतो हे सांगणारा सिनेमा आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१७च्या सुमारासच करून ठेवला होता. 'चित्रपट कसे तयार करतात' हे त्याचं सरळसोट नाव. त्यातले जे तुकडे उरलेत त्यांत फाळके स्वतः दिसतात. नटांना समजावताना, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना, संकलन करताना. 'लंकादहन', 'कालिया मर्दन' करणारा हा ट्रिकचा बादशहा आपली जादू स्वतःच उघड करून दाखवत होता. जादूगार सहसा असं करत नाहीत. फाळक्यांना मात्र या देशात सिनेमाचा धंदा उभा राहायला हवा होता, आणि धंदा उभा राहायचा तर तो शिकलेले हात हवेत, हा हिशोब त्यामागे असावा असं मला वाटतं.

पुढच्या लोकांनी हे चालू ठेवलं नाही. बाबूभाई मिस्त्रींनी १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या धाग्यांच्या जोरावर वस्तू हवेत नाचवल्या आणि त्यांचं टोपणनावच 'काला धागा' पडलं. आपल्याकडे ट्रिकची नोंद अशी व्हायची, टोपणनावात. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) शेवटी विमान येतं. दामले १९४५ साली गेले, फत्तेलाल १९६४ साली. त्या विमानाबद्दल त्यांना बसवून, दृश्य समोर चालू ठेवून, 'इथे काय केलंत?' असं विचारणारं यंत्र तेव्हा जगातच नव्हतं.

यंत्र आल्यावर काय काय झालं तेही बघायला हवं. १९९१ साली क्रायटेरियनने पहिल्या तीन जेम्स बाँडपटांच्या लेझरडिस्क काढल्या. कॉमेंट्रीत मंडळी जरा जास्तच मोकळेपणाने बोलली. बाँडच्या निर्मात्यांना ते रुचलं नाही आणि चकत्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. म्हणजे हा प्रकार निव्वळ जाहिरातीचा नव्हता, कधीकधी खरं बोललं जात होतं. जाहिरातही भरपूर होती म्हणा. 'दिग्दर्शकाबरोबर काम करणं हा विलक्षण अनुभव होता' असं सगळ्यांनी आळीपाळीने सांगणाऱ्या पाच मिनिटांच्या क्लिपा ज्याने पाहिल्यात त्याला हे वेगळं सांगायला नको.

१९९७ साली डीव्हीडी अमेरिकेत आली आणि जागेचा प्रश्नच मिटला. एका सिनेमाला आठ ऑडिओ ट्रॅक देता येत होते. १९९९च्या 'द मेट्रिक्स'च्या डीव्हीडीत सिनेमा चालू असताना मधेच पांढरा ससा दिसायचा. रिमोटचं बटण दाबलं की तुम्ही थेट त्या दृश्याच्या चित्रीकरणात. कीआनू रीव्हज मागे झुकतोय आणि त्याच्याभोवती स्थिर कॅमेऱ्यांचं कडं. २००२ साली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाची चार डिस्कची वाढीव आवृत्ती आली, तिच्यात कॉमेंट्रीच चार. जोडीला चिलखतांच्या कड्या हाताने जोडणाऱ्या कारागिरांची गोष्ट. लाखो कड्या जोडून त्यांच्या बोटांवरचे ठसे झिजून गेले होते. सिनेमात ते चिलखत काही क्षण दिसतं, मला मात्र ती बोटं जास्त लक्षात राहिली. रॉबर्ट रॉड्रिगेझने ७००० डॉलरांत केलेल्या 'एल मारियाची'च्या डिस्कवर दहा मिनिटांची 'फिल्म स्कूल' जोडली: पैसे नसतील तर काय करायचं, एवढाच अभ्यासक्रम. फिल्म स्कूलचं तोंड न पाहिलेली एक अख्खी पिढी यावर शिकली.

आपल्याकडे याच काळात राज्य होतं व्हीसीडीचं. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन चकत्यांवर, आणि ऐन रंगात आल्यावर उठून चकती बदलायची. जास्तीचं काही ठेवायला जागाच नाही. गंमत म्हणजे हाँगकाँगच्या व्हीसीडींवर दोन चॅनेलची तीच युक्ती वापरली जायची, पण एकीकडे कँटनीज आणि दुसरीकडे मँडरिन अशा दोन भाषांसाठी. २००७ साली मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा सिनेमा खरोखर घराघरांत गेला. पण या भावात सिनेमाच मिळणार, त्याच्या मागची गोष्ट नाही. फुटपाथवरच्या 'एकात सहा' डीव्हीडींचंही तेच. सहा सिनेमे कोंबायचे तर पहिला बळी बोनसचा. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना 'स्पेशल फीचर्स' म्हणजे मेनूवरचं एक बटण, जे दाबलं की ट्रेलर लागतो, एवढंच ठाऊक. मोझर बेअर २०१८ साली दिवाळखोरीत निघाली, तोवर आपण सगळे फोनवर आलेलो होतो.

'काँग'कडे परत येतो, कारण त्याची गोष्ट अर्धीच सांगितली. सिनेमाचे हक्क पुढे वॉर्नरकडे गेले आणि २००५ साली वॉर्नरने स्वतःची डीव्हीडी काढली. हेव्हर १९९३ सालीच वारला होता. या आवृत्तीच्या कॉमेंट्रीत बोलायला कोण, तर हॅरीहाउसेन. तेरा वर्षांचा तो पोरगा आता पंच्याऐंशीचा झालेला. जोडीला दोन तासांहून मोठा माहितीपट. 'काँग'मध्ये दरीत पडलेल्या खलाशांवर कोळी तुटून पडतात असं एक दृश्य होतं. गोष्ट अडते म्हणून दिग्दर्शक मेरियन कूपरने ते स्वतःच काढून टाकलं आणि मग ते हरवलं. पीटर जॅक्सन आणि त्याच्या मंडळींनी जुनी छायाचित्रं, रेखाटनं यांचा आधार घेऊन, पुतळे बनवून, जुन्याच पद्धतीने ते दृश्य पुन्हा चित्रित केलं. डीव्हीडीच्या बोनससाठी! सिनेमासाठीसुद्धा इतके कष्ट क्वचित घेतले जातात.

आज हा खर्च कोण करेल? डिस्क विकली जायची तेव्हा बोनस हे ती विकत घेण्याचं कारण होतं. एकच सिनेमा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकायचा तर त्यात नवं काही हवं. स्ट्रीमिंगमध्ये तुम्ही सिनेमा विकत घेतच नाही, महिन्याचे पैसे भरता. कॉमेंट्री ऐकण्यासाठी म्हणून कुणी सबस्क्रिप्शन घेत नाही. शिवाय बोनसचे हक्क वेगळे. सिनेमा एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जातो तेव्हा जाते ती मुख्य फाइल आणि सबटायटल, बाकी सामान मागे राहतं.

तरी 'प्रे'चं उदाहरण बघा. 'प्रेडेटर' मालिकेतला हा सिनेमा २०२२ साली थेट स्ट्रीमिंगवर आला. थिएटर नाही, डिस्क नाही. लोकांनी लावून धरलं तेव्हा ऑक्टोबर २०२३मध्ये डिस्क निघाली आणि तिच्यात दिग्दर्शक, नायिका, छायालेखक आणि संकलक यांची कॉमेंट्री होती. नेटफ्लिक्सच्या 'पिनोकिओ'चंही तसंच. गिआर्मो देल तोरोचा तो सिनेमा पुतळे हलवून, ओब्रायनच्याच पद्धतीने केलेला. त्याची डिस्क २०२३च्या अखेरीस काढली ती क्रायटेरियनने. डिसेंबर २०२४मध्ये तर 'एलियन: रोम्युलस' चक्क व्हीएचएस कॅसेटवर आला. पण ती हौस झाली, तिच्यात शिकण्यासारखं काही नाही.

आणि आपला 'तुंबाड'? राही अनिल बर्वेचा हा सिनेमा पूर्ण व्हायला सहाएक वर्षं लागली. आधी चित्रित केलेलं पुन्हा लिहून नव्याने चित्रित केलं गेलं, खऱ्या पावसासाठी पावसाळे खर्ची पडले. २०१८ साली तो जेमतेम चालला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा थिएटरात आला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. त्यातला तो गर्भ, ती कंदिलाची उजेडाची वर्तुळं, हस्तरचं लालभडक अंग कसं साधलं, हे कळतं ते मुलाखतींतून आणि यूट्यूबवर विखुरलेल्या क्लिपांतून. हे सगळं सांगू शकणारी माणसं आज हयात आहेत, काम करताहेत. एक मायक्रोफोन, एक बंद खोली आणि एकशेचार मिनिटं, एवढंच सामान लागतं. हेव्हरकडे याहून जास्त काही नव्हतं.