पेशी चाचपणारा सूक्ष्मदर्शक

जिवंत पेशी बारकाईने पाहण्यात पूर्वी मोठी अडचण होती. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती जिवंत राहते, पण सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा बारीक रचना एकमेकींत मिसळून जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याहून खूप बारीक दाखवतो; मात्र त्याच्या निर्वातात पेशी जगत नाही. यातून वाट निघाली ती स्पर्शाची.

तिचे मूळ धातू आणि स्फटिकांच्या अभ्यासात आहे. झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी 1981 मध्ये टनेलिंग सूक्ष्मदर्शक घडवला. त्याला वीज वाहून नेणारा पृष्ठभागच लागे. ही अट दूर केली बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांच्या 1986 च्या अणुबल सूक्ष्मदर्शकाने. सोन्याच्या पातळ पट्टीला हिऱ्याचे टोक चिकटवलेले. ते पृष्ठभागावरून फिरले की चढउतारांप्रमाणे पट्टी हलते आणि त्या हालचालीतून नकाशा तयार होतो. पुढे पट्टीचे वाकणे लेसरच्या किरणाने मोजू लागले.

वीज नको, निर्वात नको, म्हणजे हे टोक पाण्यातही फिरवता येणार. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे पॉल हान्स्मा यांच्या गटाने रक्ताची गुठळी बांधणारे फायब्रिन द्रवात जुळत जाताना टिपले. तो शोधनिबंध 1989 चा. 1992 मध्ये एरिक हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी मज्जासंस्थेतल्या जिवंत ग्लिया पेशींमधले ॲक्टिनचे तंतू हलताना दाखवले.

हे तंतू असतात पेशीपटलाच्या आत, आणि टोक तर बाहेरून फिरते. मग ते दिसले कसे? मऊ पटल टोकाखाली दबते आणि आतल्या ताठ तंतूंवर टेकते, म्हणून. हाच दाब जास्त झाला तर पेशी फाटते किंवा जागेवरून सुटते. म्हणून पट्ट्या अधिकाधिक लवचीक केल्या गेल्या. टोक घासत नेण्याऐवजी कंप पावत क्षणभरच टेकवण्याची पद्धतही नव्वदच्या दशकात द्रवात वापरात आली.

दबण्याच्या या खोडीतूनच नवे मोजमाप जन्मले. किती बल लावल्यावर टोक किती आत जाते, यावरून पेशीचा ताठपणा काढता येतो. 2007 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने रुग्णांच्या शरीरातून घेतलेल्या पेशी तपासल्या. शरीरात पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा 70 टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या, आणि दिसायला मात्र दोन्ही सारख्या असू शकतात. नुसत्या डोळ्यांवर विसंबलो असतो, तर हा फरक निसटला असता.