ल शांबों येथील आश्रयदाते : एक साधनविचार

दुसऱ्या महायुद्धांत ज्यू लोकांना आश्रय देणाऱ्या सामान्य जनांचा इतिहास लिहितांना संशोधकापुढें एक विलक्षण अडचण उभी राहते. जें कृत्य उघडकीस येतांच प्राणावर बेतावयाचें, त्याची नोंद कोण ठेवणार? कारस्थानांचे कागद दप्तरांत सांपडतात. अनोळखी मुलास घरांत घेऊन जेवूं घालणाऱ्या शेतकरणीचा कागद कोठून सांपडावा? या दृष्टीनें फ्रान्समधील ल शांबों-सुर-लिन्यों या गांवाचें उदाहरण विचारणीय आहे.

हें गांव ओत-ल्वार विभागांत सुमारें एक हजार मीटर उंचीच्या पठारावर वसलेलें आहे. येथील वस्ती बहुतांशीं प्रॉटेस्टंट. इ. स. १६८५ त चौदाव्या लुईनें नांतचें आज्ञापत्र रद्द केल्यावर यांच्या पूर्वजांनीं छळ सोसून गुप्तपणें उपासना चालविली होती, व ती आठवण घरोघर जागती होती. शिवाय उन्हाळ्यांत हवापालटास येणाऱ्यांमुळें उतरण्याच्या जागा पुष्कळ होत्या आणि परका चेहरा कोणास नवलाचा वाटत नसे. परंपरा आणि सोय यांचा असा योग तेथें जुळून आला होता.

ऑगस्ट १९४२ मध्यें व्हिशी सरकारनें आपल्या ताब्यांतील मुलखांत परदेशी ज्यूंची धरपकड आरंभिली. धर्मोपदेशक आंद्रे त्रोक्मे यांच्या आठवणींप्रमाणें, लपलेल्यांची यादी मागितली असतां त्यांनीं ती देण्याचें नाकारलें. लोक रानांत व दूरच्या शेतघरांत पांगले. शोध घेणाऱ्यांच्या हातीं फारसें कांहीं लागलें नाहीं. नोव्हेंबर १९४२ मध्यें जर्मन सैन्यानें हाही मुलूख व्यापला. फेब्रुवारी १९४३ त त्रोक्मे, त्यांचे सहकारी एदुआर तेइस व शिक्षक रोजे दार्सिसाक यांस अटक झाली. सुटकेसाठीं सरकाराशीं निष्ठेच्या कागदावर सही करण्यास पहिल्या दोघांनीं नकार दिला. तथापि महिन्याभरानें ते सुटले.

सर्वांचें दैव असें नव्हतें. ता. २९ जून १९४३ रोजीं जर्मनांनीं एका विद्यार्थिगृहावर छापा घातला. त्रोक्मे यांचा नातलग दानिएल विद्यार्थ्यांना सोडून पळाला नाहीं. तो त्यांच्यासह पकडला गेला व एप्रिल १९४४ मध्यें मायदानेक येथील छावणींत मरण पावला. गांवचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांस २० ऑगस्ट १९४४ रोजीं लियोंजवळ गोळ्या घालण्यांत आल्या.

आतां संख्येविषयीं. पांच हजार निर्वासितांचा आकडा दीर्घकाळ रूढ होता. उत्तरकालीन अभ्यासकांस तो फुगलेला वाटतो. श्रेयाचेंही तसेंच. आरंभींच्या लेखनांत तें मुख्यतः त्रोक्मे यांकडे गेलें. पुढें पठारावरील इतर गांवें, अन्य पंथांचे शेतकरी, क्वेकर व स्विस संस्था यांचा वांटा स्पष्ट झाला. ऑस्कर रोझोव्स्की या ज्यू तरुणानें बनावट ओळखपत्रें तयार करून तीं मधमाश्यांच्या पेट्यांत लपविलीं. म्हणजे आश्रितही केवळ आश्रित नव्हते. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेनें १९९० त गांवाचा व आसपासच्या वस्त्यांचा सामुदायिक गौरव केला, तो या दृष्टीनें यथार्थ होय.

आकडा कमी झाल्यानें कृत्याची थोरवी कमी होत नाहीं. शेंकडों घरांस ठाऊक असलेली गोष्ट दोन वर्षें अधिकाऱ्यांच्या हातीं पुरती लागली नाहीं, हाच येथें सर्वांत भक्कम पुरावा आहे. कागद नसणें हें अशा प्रसंगीं साधनांचें दारिद्र्य नव्हे. तें त्या लोकांच्या सावधपणाचें चिन्ह आहे, आणि इतिहासकारानें तें तसेंच वाचलें पाहिजे.